डेल्मरचं चक्र फिरू नये म्हणून

आमच्या चुंबक मंडळात बाई अशी मी एकटीच. पहिली काही वर्षं सगळ्यांचा समज होता की आर्डिथ कुबिक कॉफी करायला येते. मी गवत कापायच्या यंत्रांच्या दुरुस्तीचं दुकान चालवते आणि निम्म्या मंडळाला तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या मीच करून देते, हे त्यांच्या डोक्यात शिरेपर्यंत मी कॉफी मुद्दाम कडूजहर करत राहिले. मग ते काम मंडळाचा अध्यक्ष वेंडेल हायनिक याच्याकडे गेलं. त्याची कॉफी मुद्दाम न करताही तशीच होते.

मंडळाचं काम एकच. वीज नको, पेट्रोल नको, वारा नको, नुसत्या चुंबकांच्या ओढाताणीवर आपोआप फिरत राहील आणि फिरता फिरता दिवा लावील असं चक्र बनवायचं. शिकलेले लोक म्हणतात, हे कदापि होणार नाही. आम्हीही शाळेत गेलोय, त्यामुळे हे आम्ही ऐकलेलं आहे. तरी कापणी संपली की नेब्रास्काच्या या कोपऱ्यात शेडाशेडांतून ठोकाठोकी सुरू होते. घरातून जेवायच्या हाका येतात आणि आतला माणूस ओरडतो, "आलो गं, एवढा एक चुंबक सरकवतो!"

चक्र सुटतं झकास. समोरचा चुंबक त्याला ओढतो, ते धावत जातं, आणि ज्याने ओढलं तोच मग त्याला सोडत नाही. त्या जागेला आम्ही खोडा म्हणतो. चक्र खोड्यात आलं की दोनदा मागेपुढे डुलतं आणि मान टाकतं. आमच्यापैकी प्रत्येकाला खात्री आहे की आपला खोडा बाकीच्यांच्या खोड्यापेक्षा लहान आहे.

डेल्मर कोवांडाचा खोडा मात्र खरोखरच लहान होता. हे मी त्याच्या तोंडावर कधी कबूल करणार नाही. डेल्मर धान्याच्या कोठारावरून निवृत्त झालेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि एकच चक्र घेऊन तीस वर्षं बसलेला. मी म्हटलं चुंबक तिरके बसव, की तो सरळ बसवणार. मी सरळ म्हटलं, की त्याला तिरक्यात अर्थ दिसायला लागणार. आम्ही आठवड्यातून निदान तीनदा भांडतो. भांडायला म्हणूनच मी फेब्रुवारीत त्याच्याकडे गेले होते, तर हा घर आणि शेडच्या मधल्या बर्फावर उताणा पडलेला. ओठ निळे पडलेले. मला बघून म्हणतो कसा, "आर्डिथ, तिरकेच बरोबर होते."

हाडं शाबूत राहिली, पण बातमी फीनिक्सला पोचली. तिथे त्याची एकुलती एक मुलगी जनेल राहते. दातांच्या दवाखान्यात लोकांचे दात साफ करते. ईस्टरला ती आली तीच मनाशी ठरवून. जेवायला मी होते, वेंडेल होता, आणि हॅम कापून होतंय न होतंय तोच तिने विषय काढला.

"डॅड, माझ्याकडे एक खोली रिकामी आहे. तिथे बर्फ पडत नाही."

"तिथे काहीच पडत नाही. पाऊससुद्धा."

"तू पडणार नाहीस. मला तेवढं पुरे."

"आणि शेड?"

"शेडचं काय? शेड पडली होती का बर्फावर?"

डेल्मरने काटा खाली ठेवला. या माणसाला वादात हरायला लागलं की प्रतिज्ञा सुचतात. "ठीक आहे," तो म्हणाला. "माझं चक्र मंडळाच्या मेळाव्यात टेबलावर कॉफीचं पिंप रिकामं होईस्तोवर फिरलं, तर त्या दिवशी मी सामान बांधीन. आणि नाही फिरलं, तर हा विषय तू परत काढायचा नाहीस. कधीच."

मला वाटलं, जनेल आता टेबल उलथवणार. आम्हाला वेड्यांचा बाजार म्हणणारी पोरगी ती. पण तिने शांतपणे विचारलं, "याच ऑक्टोबरच्या मेळाव्यात? टाळायचं नाही?"

"टाळायचं नाही."

"वेंडेल, तुम्ही साक्षीदार," ती म्हणाली आणि बटाटे वाढून घेतले. ती इतक्या लवकर कबूल झाली हे मला जरा खटकलं होतं, पण मग गोडाला ॲपल पाय आला आणि मी विसरले.

उन्हाळाभर आम्ही निर्धास्त होतो. ऑगस्टमध्ये एका दुपारी डेल्मरचा फोन आला. आवाज कापत होता. मला वाटलं, पुन्हा पडला की काय.

"आर्डिथ, फार लांब गेलं गं आज."

"काय?"

"चक्र. खोड्यातून पार झालं. एकदा नाही, कितीतरी वेळा. मग थांबलं. पण थांबता थांबता थांबलं."

बाकी कुणाही माणसाला हे ऐकून आनंद झाला असता. मी आधी ऑक्टोबर किती लांब आहे ते मोजलं. ते चक्र ऑक्टोबरात खरंच फिरलं, तर डेल्मर फीनिक्सला जाणार. मला तो जायला नको होता. असलं काही मी कुणाजवळ बोलत नाही, त्याच्याजवळ तर नाहीच. पण तो गेला तर या गावात माझ्याशी धड भांडू शकेल असा माणूस उरत नाही. बाकीचे सगळे लगेच माफी मागतात.

तेव्हा मेळाव्याच्या आदल्या रविवारी मी खोकायला लागले. डेल्मर न चुकता चर्चला जातो आणि नंतर तिथल्या तळघरात कोलाचे, म्हणजे सारण भरलेले गोड पाव, खात बसतो. मी घरी पडून राहते म्हणाले आणि त्याची गाडी वळल्याबरोबर त्याच्या शेडमध्ये शिरले. बेत साधा होता. परिघावरचा एकच चुंबक काढायचा आणि उलटा बसवायचा. चक्र पहिल्याच फेरीत गार पडलं असतं, आणि डेल्मरने पुढची दहा वर्षं सुखाने कारण शोधलं असतं.

आता, हे चुंबक म्हणजे खेळणी नव्हेत. लोखंडी स्क्रूड्रायव्हर जवळ नेला तर हातातून ओढून घेतात, बोट मधे सापडलं तर नख काळंनिळं. मी मूठ आवळून, दात खाऊन स्क्रूड्रायव्हर पुढे केला. काही नाही. अजून पुढे. काही नाही. शेवटी टोक चुंबकावर टेकवलं तरी तो ढिम्म. नखाने खरवडून पाहिलं. ॲल्युमिनियम! लेथवर चकत्या कापून, घासून, चुंबकासारख्या लखलखीत केलेल्या. परिघावरच्याही तशाच, भोवतीच्या कड्यातल्याही तशाच. त्या अख्ख्या यंत्रात टाचणी उचलेल इतकंही चुंबकत्व नव्हतं.

मी त्याच्या स्टुलावर बसून हसले ती पोट दुखेपर्यंत. लबाड म्हातारा! त्याला जायचं नव्हतं, आणि ही सोय त्याने माझ्या आधी करून ठेवली होती. मी सगळं होतं तसं ठेवलं, घरी गेले आणि खोकला बरा झाला.

शनिवारी मेळावा जत्रेच्या मैदानावरच्या पत्र्याच्या हॉलमध्ये भरला. जनेल गुरुवारीच आली होती आणि वडिलांशी इतकी गोड वागत होती की मला संशय यायला हवा होता. मंडळाचे नियम कडक आहेत. टेबल काचेचं, कारण एका सभासदाने एके वर्षी टेबलाच्या पायातून वायर आणली होती. त्याचं नाव घेत नाही, तो आता चर्चमध्ये वर्गणीची थाळी फिरवतो. हॉलची वीज मुख्य बटणापासून बंद. यंत्र सगळ्यांनी उचलून, हलवून, खालून बघायचं. मग वेंडेल कॉफीच्या पिंपाची तोटी उघडून पहिला कप भरतो, त्याच क्षणी चक्राला एका बोटाने ढकलायचं, आणि पिंप रिकामं होईपर्यंत ते फिरत राहिलं पाहिजे. आणि समजा राहिलंच, तर त्या माणसाशी सगळ्यांत जास्त भांडणाऱ्या सभासदाने ते यंत्र सगळ्यांसमोर सुटं करून दाखवायचं. या शेवटच्या नियमाची पाळी आजवर आलेली नव्हती. आजवर कुणाचंही चक्र पहिला कप निवेपर्यंतही टिकलं नव्हतं.

दुपारपर्यंत सगळ्यांची चक्रं नेहमीप्रमाणे डुलून झाली. मग डेल्मरचं टेबलावर आलं. लोकांनी उचलून पाहिलं, वास घेतला, एकाने कान लावला. डेल्मर हात पाठीशी बांधून, चेहरा दुःखी करून उभा होता. अपयशाची तयारी त्याने उत्तम केली होती.

"थांब डॅड, धूळ आहे," जनेल म्हणाली. तिने रुमालाने मधलं टोपण पुसलं, जरा रगडूनच पुसलं, आणि मागे झाली.

वेंडेलने तोटी उघडली. डेल्मरने बोट लावलं.

चक्र फिरलं. एक फेरी झाली, दुसरी झाली. आता थांबेल म्हणून डेल्मरने दुःखी चेहरा आणखी दुःखी केला, पण ते थांबेना. लोण्यातून सुरी जावी तसं फिरत राहिलं. ना खोडा, ना डुलणं, ना काही. वेंडेलचा कप भरून कॉफी बुटावर सांडायला लागली तरी त्याला पत्ता नव्हता.

मी डेल्मरकडे पाहिलं. तो चक्राकडे असा बघत होता, जसं काही त्याच्या घरच्या कोंबडीने सुप्रभात म्हटलं. त्याला ठाऊक होतं की हे फिरूच शकत नाही. मलाही ठाऊक होतं. आणि दोघांनाही तोंड उघडायची सोय नव्हती.

"दिवा का लागत नाही?" मागून कुणीतरी विचारलं.

चक्राभोवती माझीच तारेची गुंडाळी होती आणि तिला एक छोटा दिवा जोडलेला होता. तो अगदी थंड होता. चुंबकच नाहीत, तर वीज येणार कुठून?

"वायर सुटली असेल," एकजण म्हणाला.

"होल्डरच बाद आहे. मी डेल्मरला मागेच सांगितलं होतं."

"आर्डिथची गुंडाळी ना? मग बोलायलाच नको."

एरवी मी त्याला तिथल्या तिथे झोडला असता. त्या दिवशी गिळलं. चक्र फिरतंय आणि दिवा लागत नाही, हे पाहून कुठल्याही शहाण्या माणसाला चक्राचा संशय आला असता. आमच्या लोकांना बल्बचा आला. तिघे त्या बल्बवर तुटून पडले, चौथा गाडीतून नवा बल्ब आणायला धावला.

तेवढ्यात जनेलने एप्रन चढवला. "कॉफी घ्या ना सगळ्यांनी! अहो, अर्धाच कप? भरून घ्या!" कोलाच्यांचं ताट घेऊन ती रांगेरांगेतून हिंडायला लागली. खसखशीचा कोलाचा म्हणजे घशाला कोरड ठरलेली. एका एका माणसाच्या हातात दोन दोन कप. दात साफ करणारी बाई लोकांना इतकं गोड आणि इतकी कॉफी आग्रहाने चारते आहे, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही सगळी कारवाई हिची! पण केलं काय होतं तिने, ते कळेना. एवढं मात्र कळलं की जे काही आत बसवलंय त्याला सेल लागत असणार, आणि सेल म्हटला की तो कधी ना कधी संपणार. म्हणजे पिंप टिकवायला हवं होतं.

मी पिंपाशेजारी खुर्ची ओढून बसले.

"वेंडेलने कालचाच चोथा परत उकळलाय," मी रांगेतल्या पहिल्याला म्हटलं. तो कप घेऊन परत गेला. दुसऱ्याला म्हटलं, "तुझ्या रक्तदाबाचं काय म्हणाले रे डॉक्टर?" तिसऱ्याच्या वेळी नुसतं वाकून पिंपात बघितलं आणि म्हटलं, "माशी होती. गेली वाटतं."

जनेल ताट घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. "आर्डिथ, तुम्ही घेत नाही कॉफी?"

"मला झोप येत नाही मग."

"दुपारचे तीन वाजलेत."

"मी लवकर झोपते."

"आणि ही पाण्याची किटली कशाला घेऊन बसलात?"

"फुलांना घालायला."

"इथे फुलं नाहीत," असं म्हणत तिने किटली माझ्या हातातून हळूच काढून घेतली. मग तिने स्वतःच तोटी सोडली आणि कपामागून कप भरून वाटले. नव्या बल्बच्या मागे लागलेल्या माणसांना काय पितोय याचं भान नव्हतं. शेवटी तोटीने गुळगुळ आवाज केला, एक थेंब आला, आणि बंद झाली. चक्र फिरतच होतं.

हॉल फुटायचा तेवढा बाकी राहिला. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. ज्याने वायर आणली होती तो ढसाढसा रडला. वेंडेलला भाषण करायचं होतं, पण हनुवटीच हलत होती. डेल्मरची पाठ लोकांनी इतकी थोपटली की तो पुढे पुढे ढकलला जात होता, आणि त्याचा चेहरा मेलेल्याहून मेलेला. आपलं घर, शेड, अंगणातला तो मेला बर्फसुद्धा त्याच्या डोळ्यांपुढून जात असणार.

जनेलने त्याच्या कोटाची बाही धरली. "अभिनंदन, डॅड. सामान बांधायचं ना?" ती हसत होती खरी, पण बाही सोडत नव्हती.

"अजून एक नियम आहे," वेंडेल घसा खाकरून म्हणाला. "यंत्र सुटं करायचं. डेल्मरशी सगळ्यांत जास्त कोण भांडतं, हे मतदानाला टाकायला नको. आर्डिथ, पुढे ये."

मी स्क्रूड्रायव्हर घेऊन टेबलापाशी गेले. जनेलने चक्र थांबवलं आणि टोपणावर हात तसाच ठेवला. डेल्मर एका बाजूला, ती एका बाजूला, आणि दोघंही माझ्याकडे असे बघत होते की जणू मी दात उपटायला आले आहे. पहिला स्क्रू काढला की बापाची लबाडी उघडी पडणार होती, टोपण काढलं की लेकीची. माझ्या दुकानात इतकी यंत्रं उघडली मी, पण हात कधी असा जड झाला नव्हता.

"थांब आर्डिथ," डेल्मर म्हणाला. मग लोकांकडे वळला. "यात चुंबक नाहीत."

लोक हसले. त्यांना वाटलं आनंदाने भ्रमिष्ट झाला.

"खरं सांगतोय. ॲल्युमिनियमच्या चकत्या आहेत. मीच बसवल्यात. वाटल्यास खिळा लावून बघा."

वेंडेलने खिळा लावून पाहिला. खिळा टेबलावर पडला. तो टिण आवाज अख्ख्या हॉलने ऐकला.

"मग फिरलं कसं?" वेंडेलने विचारलं.

जनेलने टोपणावरचा हात काढला. मी टोपण उघडलं. आत बोटाएवढी मोटर, तिला चिकटवलेला सेल, टोपण रगडलं की दबणारं बटण, आणि आसाला टेकवलेली रबराची एक चिमुकली चकती. इतकं नेटकं बसवलेलं की माझ्याच तोंडून वाहवा निघाली.

"टूथब्रशची आहे," जनेल खाली बघत म्हणाली. "विजेच्या टूथब्रशची."

डेल्मर वाकला. चष्मा वर केला, सोल्डरचे टाके जवळून पाहिले, आणि बराच वेळ पाहतच राहिला. "तुझा हात विसरला नाही," तो म्हणाला. "शाळेत असताना शिकवलं होतं तुला. टाका अजून तसाच गोल येतो तुझा."

"डॅड, ते सोड. तू चुंबक का काढलेस?"

"फिरू नये म्हणून."

"अरे, ते कसं फिरेल? असलं चक्र जगात कुठेच फिरत नाही!"

"मग तू मोटर कशाला बसवलीस?"

"फिरावं म्हणून!"

"बघ."

"बघ काय? न फिरणारी वस्तू फिरू नये म्हणून कुणी..." आणि ती थांबली. "म्हणजे तुला खरंच वाटत होतं, ते फिरेल?"

डेल्मर बुटांकडे बघायला लागला. "ऑगस्टमध्ये फार लांब गेलं होतं."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. त्यांना यात हसण्यासारखं काही दिसलंच नाही. मलाही नव्हतं दिसलं, नाहीतर त्या रविवारी मी खोकले कशाला असते?

जनेलचा मात्र बांध फुटला. "तू बर्फावर पडला होतास! ही बाई आली नसती तर काय झालं असतं? आणि मी तिकडे कुणाच्या तरी तोंडात आरसा धरून उभी. मला फोन आला तेव्हा तो माणूस आ करून पडलेला, आणि मला एक शब्द बोलता येईना. मला नाही असा दुसरा फोन घ्यायचा, डॅड."

डेल्मरने तिच्या खांद्यावर हात ठेवला. हा माणूस कुणाच्या खांद्यावर हात ठेवतो हे मी प्रथमच पाहिलं. आणि पहिल्यांदाच त्याने काही प्रतिज्ञा केली नाही.

अशा वेळी सभ्य माणसं बाहेर जातात. आमचे लोक जागचे हलले नाहीत. वेंडेलने हळूच विचारलं, "डेल्मर, खरे चुंबक कुठे आहेत?"

"गाडीत. बिस्किटांच्या डब्यात."

"मग आण की!"

"हो, आण! बसव! आत्ताच्या आत्ता!" सगळा हॉल ओरडायला लागला. दोन लबाड्या नुकत्याच उघड्या पडल्या होत्या, बापलेक रडायच्या बेताला आले होते, आणि या मंडळींना काय पडलं होतं, तर ऑगस्टमध्ये लांब गेलेलं चक्र बघायचं.

डेल्मरने जनेलकडे पाहिलं. तिने डोळे पुसले. "बसव," ती म्हणाली. "मोटर काढते मी. पैज तीच. फिरलं तर येशील. नाही फिरलं तर मी परत बोलणार नाही."

"पण कॉफी संपली," वेंडेल म्हणाला.

"दुसरी करा," तिने फर्मावलं.

डबा गाडीच्या पत्र्याला असा चिकटला होता की दोन माणसांनी ओढून काढला. चुंबक बसवायला वेळ लागला. जनेल एकेक चकती काढत गेली, डेल्मर एकेक चुंबक बसवत गेला, आणि दोघं एकमेकांना "सांभाळ, बोट" एवढंच म्हणत होते. तिची मोटर मी हातात घेऊन पाहिली. तेवढ्याशा मोटरने खरे चुंबक बसवलेलं चक्र तसूभर हललं नसतं. बापाने लबाडी केली म्हणून लेकीची चालली.

पिंप भरलं. वेंडेलने तोटीवर हात ठेवला. डेल्मरने बोट पुढे केलं, पण चक्राला लावेना. तो उभाच राहिला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. मला माहीत होतं त्याच्या मनात काय चाललंय. मी मनात म्हणत होते, फिरू नकोस, मेल्या, फिरू नकोस.

मग त्याने बोट लावलं.

चक्र सुटलं. खोड्यात आलं, अडखळलं, पार झालं. दिवा लागला, माझ्या गुंडाळीवरचा दिवा, पिवळाधमक. पुन्हा खोडा, पुन्हा पार. कुणी कप उचलला नाही. आणखी फेऱ्या झाल्या आणि प्रत्येक फेरीला डेल्मर थोडा पुढे वाकत गेला. चक्र मंदावायला लागलं, तसा दिवा लालसर झाला. आणि तेव्हा माझ्या कानांवर डेल्मरचा आवाज आला. टेबलाच्या कडेला दोन्ही हातांनी धरून, तोंड चक्राला लागेल इतकं जवळ नेऊन तो म्हणत होता, "चल. चल ना. चल बाळा, एवढा एकच. चल."

चक्र खोड्यापाशी आलं. दोनदा डुललं. थांबलं.

दिवा विझला. हॉलमध्ये एक लांबलचक सुस्कारा फिरला आणि वेंडेलने तोटी बंद केली. डेल्मर पैज जिंकला होता. घर त्याचं, शेड त्याची, फीनिक्सचा विषय कायमचा मिटलेला. मला नाचावंसं वाटायला हवं होतं. पण जिंकलेला माणूस इतका हताश होऊन खुर्चीत बसलेला मी कधी पाहिला नव्हता.

जनेल त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिचा आवाज अगदी मऊ झाला होता.

"डॅड, तू त्याला चल म्हणत होतास."

"मी? छे."

"म्हणत होतास. सगळ्यांनी ऐकलं. ते चाललं असतं तर तुला घर सोडावं लागलं असतं."

डेल्मरने यावर विचार केला. खरोखर विचार केला, कारण हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं असं त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

"हो," तो म्हणाला. "पण ते चाललं असतं ना."

जनेल उठली, बाह्या वर सारल्या, चक्राजवळ स्टूल ओढून बसली आणि माझ्याकडे न बघताच स्क्रूड्रायव्हरसाठी हात पुढे केला.